थायलंडचे कोणते बेट? आधी महिना पाहा, मग फोटो

आमच्या भागातल्या चौदा जणी मागे एका जुलै महिन्यात धम्मसहलीला थायलंडला गेलो होतो. अयुथ्थयाचे भग्न स्तूप पाहिले, नखोन पाथोमच्या उंच चैत्याला प्रदक्षिणा घातली, बँकॉकच्या विहारांत बसून झाले. शेवटचे तीन दिवस 'बेटे' होती. कोणती बेटे, कुठल्या समुद्रातली, हे आमच्यापैकी कुणीही विचारले नव्हते. पत्रकावर हिरवे पाणी आणि पांढरी वाळू होती, तेवढ्यावर सगळ्यांनी मान डोलावली. फुकेतच्या धक्क्यावरून स्पीडबोट सुटली तेव्हा आभाळ भरलेले होते. बोटीवरचा मुलगा म्हणाला, पुढे बसा, फोटो चांगले येतात. सहासष्ट वर्षांच्या एक मावशी हौसेने पुढे जाऊन बसल्या. किनारा सोडल्यावर बोट लाटेवर चढून खाली आदळू लागली. अशाच एका लाटेला मावशी बाकावरून वर उडाल्या आणि धपकन खाली आपटल्या. 'काहीतरी कट्कन वाजले गं,' एवढेच त्या बोलल्या.

संध्याकाळी फुकेतमध्ये एक्स-रे काढला. कमरेच्या वरचा मणका पुढच्या बाजूने दबलेला होता. नशीब की पायाची ताकद शाबूत होती, लघवीवरचा ताबा होता. पुढचे तीन महिने कमरेला पट्टा, आणि परतीचे विमान व्हीलचेअरवरून.

बोटवाल्याची चूक होतीच, पण आमचीही होती. आम्ही वॉर्डात वर्षे काढलेली माणसे. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होतात, साध्या आपटण्याने मणका दबतो, हे आम्ही दर शिबिरात सांगतो. बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेल्या प्रवाशांना अशी दुखापत होणे ही डॉक्टर मंडळींना माहीत असलेली गोष्ट आहे. तरीही पावसाळ्यात, खवळणाऱ्या समुद्रात, छोट्या बोटीने जायचे बेट आम्ही निवडले. आता आपल्याकडून थायलंडला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. तिथून आलेल्या बुद्धमूर्ती आपल्या कित्येक विहारांत आहेत, तेव्हा ओढ असणारच. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर बेटांविषयी लिहितो आहोत.

पहिली गोष्ट कळली की अर्धे काम होते. थायलंडची बेटे एका समुद्रात नाहीत. देशाचा दक्षिण भाग हत्तीच्या सोंडेसारखा खाली लोंबतो. त्या सोंडेच्या पश्चिमेला अंदमान समुद्र आहे आणि पूर्वेला थायलंडचे आखात. फुकेत, फी फी, लांता, लिपे, सिमिलान, सुरीन ही बेटे पश्चिमेची. सामुई, फा-न्गान, ताओ ही आखातातली. बँकॉकच्या बाजूने आखाताच्या वरच्या आणि पूर्वेच्या कडेला सी-चांग, लान, सामेत आणि आणखी पुढे कंबोडियाच्या हद्दीकडे चांग आणि कूद. नकाशा उघडून एकदा बोट फिरवून पाहा, मग पुढचे वाचा.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्याकडे बातमी येते की मान्सून अंदमानात पोहोचला. तोच हा अंदमान समुद्र. आपल्याला भिजवणारा नैऋत्येचा वारा फुकेतलाही भिजवतो, मेपासून ऑक्टोबरपर्यंत. आपल्याकडे गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होड्या जात नाहीत, हे आपण निमूटपणे मानतो. तिथे गेल्यावर मात्र पैसे भरले आहेत म्हणून बोटीत चढतो. सिमिलान आणि सुरीन ही बेटे तिथले सरकारच मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवते. फुकेत आणि फी फी सुरू असतात, आणि घोळ तिथेच होतो. 5 जुलै 2018 रोजी फुकेतजवळ 'फिनिक्स' नावाची पर्यटकांची बोट वादळात बुडाली आणि 47 माणसे गेली, बहुतेक चिनी पर्यटक. हवामानाचा इशारा दिलेला असताना ती बोट समुद्रात होती. पावसाचा धोका जमिनीवरही असतो. ऑगस्ट 2024 मध्ये फुकेतच्याच करोन भागात दरड कोसळून 13 जण दगावले.

आखातातल्या सामुई, फा-न्गान आणि ताओ या तीन बेटांचा पाऊस वेगळा. त्यांना सोंडेच्या डोंगरांची आड मिळते, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात तिथे तुलनेने बरे असते. पण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत वारा उलटा फिरतो आणि मुसळधार पाऊस त्यांच्यावर येतो. नोव्हेंबर सर्वांत वाईट. चांग आणि कूद ही पूर्वेची बेटे दिसायला त्याच आखातात असली तरी त्यांचा पावसाळा फुकेतसारखा, मे ते ऑक्टोबर. सामेत त्या मानाने कोरडे.

आता हे आपल्या सुट्ट्यांवर बसवून पाहू, कारण आपण जातो ते सुट्टी आणि पुण्यतिथी-जयंतीच्या हिशेबाने. मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन जायचे असेल तर सामुईची बाजू बरी, फुकेतची नको. आषाढ पौर्णिमेच्या सुमारास, जुलैत, तेच उत्तर. दिवाळीत मात्र बरोबर उलटे होते. ऑक्टोबर अखेरीस सामुईला जाणे म्हणजे हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहणे. तेव्हा पश्चिमेचा समुद्र नुकता शांत होऊ लागलेला असतो, नोव्हेंबरच्या मध्यापासून तो भरवशाचा. 6 डिसेंबरनंतर नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना फुकेत, लांता, चांग, सामेत ही सगळी मोकळी. भाडे तेवढे चढलेले असते. जानेवारी-फेब्रुवारीत जवळपास कुठेही जा. वयस्कर माणसे बरोबर असतील तर आम्ही फेब्रुवारीच सांगतो. ऊन सोसवते, समुद्र निजलेला असतो.

14 एप्रिलची जयंती तिकडे साजरी करायची कल्पना काही मंडळांनी बोलून दाखवली. कल्पना छान आहे. पण 13 ते 15 एप्रिल हा तिथला सोंगक्रान, त्यांचे नववर्ष. रस्त्यावर पाणी उडवतात, सगळा देश गावाला निघालेला असतो आणि त्या आठवड्यात रस्ते अपघातांत दरवर्षी शेकडो माणसे जातात. शिवाय उन्हाचा कडाका. बँकॉकात एका जागी थांबून साजरी करा, त्या दिवसांत बेटावर जाण्यासाठी रस्त्यावर उतरू नका.

महिना ठरला की दुसरा प्रश्न गटातल्या सगळ्यात अशक्त माणसाचा. गटात तीस जण धडधाकट आणि एक दादा हृदयात स्टेंट बसवलेले असतील, तर बेट त्या दादांसाठी निवडायचे. त्यांना रात्री दोन वाजता छातीत दुखले तर हॉस्पिटल किती दूर आहे आणि मध्ये किती पाणी आहे, एवढेच विचारा.

फुकेत हे देशातले सर्वांत मोठे बेट आणि ते मुख्य भूमीला पुलाने जोडलेले आहे. तिथे मोठी सरकारी आणि खासगी हॉस्पिटले आहेत, विमानतळ आहे. सामुईला पूल नाही, पण विमानतळ आहे, सरकारी हॉस्पिटल आहे, खासगीही आहेत. बँकॉकहून तासाभराचे विमान. हृदयाचे, दम्याचे, डायलिसिसपर्यंत न गेलेले किडनीचे पेशंट असतील आणि बेट पाहायचेच असेल तर राहायला ही दोनच. डायलिसिसवाल्यांनी आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावे, आम्ही इथून हो म्हणणार नाही.

फी फी सुंदर आहे, खोटे कशाला बोला. पण तिथे मोटारीच नाहीत, सामान हातगाडीवरून नेतात, आणि पेशंट गंभीर झाला की बोटीत घालून फुकेत किंवा क्राबीला न्यावे लागते. ताओचेही तसेच, तिथून सामुई किंवा मुख्य भूमी गाठायची. लिपे तर देशाच्या पार दक्षिणेच्या टोकाला, स्पीडबोटीने दीड तासाच्या आसपास. चांगवरून समोरच्या त्रात प्रांतात जाणारी फेरी अर्ध्या-पाऊण तासाची आहे, पण रात्री ती नेहमीसारखी सुटत नाही, हे लक्षात ठेवा. लांताला वाहनासकट फेरीबोटीवर चढता येते. दोन लांता बेटांमध्ये 2016 पासून पूल आहे, त्यामुळे पाण्यावरची एक खेप वाचली. म्हाताऱ्या आई-वडिलांना पुन्हा पुन्हा गाडीतून उतरवावे लागत नाही, हा मोठा फायदा.

लिपेविषयी एक वेगळी गोष्ट. त्या बेटावर मुळात उरक लावोय नावाचे दर्यावर्दी लोक राहतात. हॉटेले आली तशी जमिनीची कागदपत्रे कुणाच्या नावावर यावरून त्यांचे वाद सुरू झाले. फुकेतच्या रावाई किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी वस्तीचीही तीच कहाणी. ज्यांची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट, त्यांच्याकडे कागद नाही. हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. तिथे गेलात तर निदान त्यांच्या होडीत बसा, त्यांच्या हातचे जेवा.

आता बोट. अनेक बेटांना दोन प्रकारे जाता येते, मोठी फेरी आणि स्पीडबोट. फुकेतहून फी फीला मोठी फेरी दोन तास घेते, स्पीडबोट साधारण एक. आपले लोक एक तास वाचवायला जास्त पैसे देतात. पन्नाशीच्या पुढच्या बायका, मणक्याचे किंवा कमरेचे ऑपरेशन झालेले, गुडघे बदललेले आणि गरोदर स्त्रिया, यांनी मोठ्या फेरीनेच जावे. तिथल्या अनेक स्पीडबोटवाल्यांचाच नियम आहे की गरोदर आणि पाठीचा त्रास असलेल्यांना घ्यायचे नाही. सहल विकणारा ते सांगत नाही, आणि आपणही पोट लपवून, पाठ लपवून चढतो. स्पीडबोटीशिवाय इलाज नसेल तर मागे, मधोमध बसा, इंजिनाच्या जवळ. तिथे डिझेलचा वास येतो, पण आदळणे कमी. लाइफ जॅकेट मांडीवर ठेवून फोटो काढायचा नसतो, ते पट्टे आवळून घालायचे असते. साडी नेसून बोटीत बसू नका. साडीचा द्वेष नाही आम्हाला, पण पाण्यात पडल्यावर ओली साडी पायांना गुंडाळते आणि पोहता येणारीही बुडते. सलवार किंवा पँट घाला.

बोट लागण्याचा त्रास असेल तर ॲव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. अगदी उपाशी बसू नका, पोट भरूनही बसू नका.

शुगरवाल्यांसाठी बोटीचा खरा धोका वेळेचा आहे. साडेनऊची बोट अकराला सुटते. सकाळी इन्सुलिन किंवा गोळी घेतलेली, जेवण मात्र बेटावर. भर समुद्रात घाम फुटून माणूस बडबडू लागला की सगळ्यांना वाटते बोट लागली. ती बहुतेक वेळा शुगर उतरलेली असते. खिशात साखर, ग्लुकोज, बिस्किटे हवीत, डोक्यावरच्या बॅगेत नव्हे. इन्सुलिन विमानात स्वतःजवळच्या पिशवीत ठेवा. किनाऱ्यावर ते उन्हात राहू देऊ नका, पण थेट बर्फावरही ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. थर्मास किंवा ओल्या कापडाची पिशवी पुरते. बीपीवाल्यांनी जेवणात सांभाळा. तिथल्या बहुतेक पदार्थांत माशाचा खारट रस असतो, भाजीतसुद्धा. झिंग्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी लक्षात ठेवा की त्यांच्या अनेक रश्श्यांत वाळलेल्या कोळंबीची चटणी वाटून घातलेली असते, ती दिसत नाही.

किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचे नाही. गुडघाभरसुद्धा नाही. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात पाण्याखालून माणसाला आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर सरका, प्रवाह सुटला की मग बाहेर या. आपल्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही, म्हणून आमचा सल्ला झेंड्यापाशीच संपतो.

आखातातल्या बेटांवर, विशेषतः सामुई आणि फा-न्गानच्या आसपास, पेटीच्या आकाराची विषारी जेलीफिश आढळते आणि तिच्या दंशाने तिथे माणसे मेलेली आहेत. ती पाण्यात जवळजवळ दिसत नाही. अनेक किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची म्हणजे शिरक्याची बाटली टांगलेली असते, ती सॅलडसाठी नाही. दंश झाला तर माणसाला पाण्याबाहेर काढा, त्या जागेवर निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओता. चोळू नका, वाळू लावू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. श्वास थांबला तर छाती दाबणे सुरू करा, गाडी येईपर्यंत. अंगभर कपडे घालून पाण्यात उतरणाऱ्यांना लोक हसतात, पण लांब बाह्या आणि लेगिंग हे या प्राण्यापासूनचे सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे. उन्हापासूनचेही. तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला अपाय करणारी काही रसायने असलेली सनस्क्रीन 2021 पासून बंद आहेत, तेव्हा कपडाच बरा.

ताओवर तरुण मुले पाण्याखाली डायव्हिंगला जातात. दमा, कानाचे ऑपरेशन, हृदयविकार असेल तर नको. आणि टाकी लावून पाण्याखाली उतरल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचे नाही, नाहीतर रक्तात हवेचे बुडबुडे होऊन जीवावर बेतू शकते. शेवटच्या दिवशी सकाळी डायव्हिंग आणि दुपारी विमान अशी आखणी दिसली तर ती खोडून टाका. नुसता काचेचा मुखवटा लावून वर तरंगायला हरकत नाही.

माकडे पश्चिमेच्या बेटांवर पुष्कळ. त्यांना खायला घालू नका. चावले किंवा नखाने रक्त निघाले तर साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. कुत्र्यालाही हेच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर थायलंडला जाऊन आलो हे डॉक्टरांना सांगा. तोवर फक्त पॅरासिटामोल घ्या, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नको.

भाड्याच्या स्कूटरविषयी एकच वाक्य: परवाना नसताना चालवली तर विमा पैसे देत नाही आणि घाटरस्त्यांवर वाळू असते.

पश्चिमेच्या किनाऱ्यांवर लाटेचे चित्र आणि बाण असलेले फलक दिसतील. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत थायलंडमध्ये पाच हजारांहून अधिक माणसे गेली, त्यानंतरचे ते आहेत. हॉटेलात सामान टाकल्यावर पहिले काम म्हणजे तो बाण कुठे नेतो हे चालत जाऊन पाहणे. जमीन हादरली किंवा समुद्र अचानक मागे सरला तर उंचावर जायचे. सुरीन बेटांवरचे मोकेन लोक त्या दिवशी वाचले, कारण समुद्र असा मागे सरला की डोंगरावर पळायचे हे त्यांच्या जुन्या गोष्टींत होते.

ज्यांना समुद्र झेपणारच नाही त्यांना काय? त्यांच्यासाठी दोन बेटे आम्ही शोधून ठेवली आहेत. एक को क्रेत, बँकॉकला लागून, चाओ फ्राया नदीच्या पात्रात. अठराव्या शतकात नदीचे वळण तोडायला कालवा खणला आणि मधली जमीन बेट झाली. मोन लोकांची वस्ती, मातीच्या भांड्यांचे कुंभारकाम, नदीकाठी कललेला एक पांढरा स्तूप. पाणी ओलांडायला काही मिनिटे लागतात, लाट नाही. दुसरे सी-चांग, सी राचा गावासमोर, फेरीने पाऊण तासाच्या आसपास. तिथे राजा चुलालाँगकोर्नचा उन्हाळी वाडा आहे. पांढऱ्या वाळूची हौस इथे फिटणार नाही, पण रात्री मुक्कामाला मुख्य भूमीवर परतता येते. आमच्या मावशींचा मणका आता भरला आहे. हाडांचे डॉक्टर हो म्हणाले तर येत्या फेब्रुवारीत त्या को क्रेतला येणार आहेत, सोबत हाड बळकट करणारे इंजेक्शन चालू आहे.

निघताना औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह घ्या. झोपेच्या, मनाच्या आजाराच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांवर तिथला कायदा कठोर आहे, त्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका. ई-सिगारेट तर बाळगणेच गुन्हा. विमा घेताना जुना आजार लिहा, लपवला तर दावा फेटाळतात, आणि बोटीने किंवा विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचून घ्या. प्रत्येकाच्या गळ्यातल्या कार्डावर नाव, आजार, चालू गोळ्या, रक्तगट आणि हॉटेलचे नाव थाई लिपीत लिहून घ्या, हॉटेलवाले लिहून देतात. त्याच कार्डाच्या मागे दोन नंबर: रुग्णवाहिकेसाठी 1669, पर्यटक पोलिसांसाठी 1155.